पुन्हा जोडलेला मानव, वाहकाविना

माणसाचं निरोपावाचून अडत नाही. महिनोन्‌महिने कुणाचा फोन आला नाही तरी तो जेवतो, झोपतो, सकाळी उठून दात घासतो. पेशींचं तसं नसतं. थेंबेकाकांच्या इनक्युबेटरमध्ये ज्या पेशी होत्या त्यांना रोज सकाळी एकच निरोप लागायचा : ‘थांबा. इतक्यात मोठं व्हायचं नाही.’

आता हा निरोप तोंडाने सांगून भागत नाही. त्यासाठी एक प्रथिन लागतं; प्रयोगशाळेत सगळे त्याला प्रोटीनच म्हणतात. ते माणसाच्या अंगात आपोआप तयार होतं, पण कामाला लागतं तेव्हा जिवाणूंकडून करवून घेतात. माणसाच्या जनुकाचा एक तुकडा जिवाणूत जोडून दिला, की तो बिचारा जन्मभर माणसाचे निरोप लिहीत बसतो. मग ते गाळायचं, सुकवायचं, करंगळीच्या पेराएवढ्या कुपीत भरायचं आणि समुद्रापलीकडून पाठवायचं. कुपीत माल वीस मायक्रोग्रॅम. डोळ्याला दिसत नाही, काट्यावर चढत नाही. पण तो नसला तर पेशी वाट बघून बघून एक तर मरतात, नाहीतर आपल्या मनाने मोठ्या होऊन बसतात. संशोधनाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

थेंबेकाकांचं खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं. बाकी कुठे ते वापरात नव्हतं. तीस वर्षं पिपेटने थेंब मोजता मोजता माणूसच थेंब्या झाला आणि वय वाढलं तसं त्याला ‘काका’ जोडलं गेलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम दहा दिवसांच्या परिषदेला निघाल्या तेव्हा त्यांनी काकांच्या हाती पेशींच्या तीन प्लेटा सोपवल्या. उन्हाळ्यात फ्रीजर बंद पडून गोठवून ठेवलेल्या सगळ्या पेशी गेल्या होत्या. अकरा महिने जपून वाढवलेल्या अशा एवढ्याच उरल्या होत्या.

“काका, जुनं प्रोटीन मंगळवारपर्यंत पुरेल. नवी कुपी सोमवारी येतेय. तेवढं बघाल ना?”

“बघतो की,” काका म्हणाले. साध्या माणसाच्या आयुष्यातल्या मोठ्या आपत्ती बहुधा याच दोन शब्दांनी सुरू होतात.

कुपी सोमवारी आली. म्हणजे पार्सल कार्यालयात आली; आणि तिथून एक फॉर्म आला. फॉर्मवर एक चौकोन होता : ‘मालाचे वर्णन, सोप्या मराठीत.’

इथे एखाद्या शहाण्या माणसाने ‘प्रयोगशाळेचे सामान’ असं लिहून हात झटकले असते. पण काकांचं अक्षर सुंदर होतं, आणि सुंदर अक्षराच्या माणसाला रिकामा चौकोन दिसला की राहवत नाही. कंपनीच्या कागदावर छापलेलं होतं, ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन, कॅरिअर फ्री’, आणि पुढे प्रोटीनचं लांबलचक नाव. काकांनी चष्मा पुसला. रिकॉम्बिनंट, म्हणजे पुन्हा जोडलेलं. ह्यूमन, म्हणजे मानवी. कॅरिअर फ्री म्हणजे सोबतीला दुसरं कुठलं प्रथिन मिसळलेलं नाही असं, अर्थात वाहकाविना. त्यांनी सावकाश, वेलांट्यांना वळण देत लिहिलं : ‘पुन्हा जोडलेले मानवी, वाहकाविना,’ आणि चौकोन संपला. ‘प्रथिन’ हा शब्द त्यांनी चौकोनाच्या खाली लिहिला.

पार्सल कार्यालयातलं यंत्र फक्त चौकोनातलं वाचतं.

बुधवारी सकाळपर्यंत कुपीचा पत्ता नव्हता. कार्यालयात फोन केला तर ‘तुमचं पार्सल चार नंबरच्या खिडकीवरून नऊ नंबरला गेलंय, उद्या या,’ एवढंच कळलं. जुन्या नळीच्या तळाशी जे उरलं होतं ते ओढूनताणून दोन दिवस पुरलं असतं, तेही दोन प्लेटांना आणि तेही अर्धंमुर्धं. काकांनी पिपेट हातात घेतलं. पहिल्या प्लेटला अर्धा निरोप दिला. दुसरीला अर्धा दिला. तिसरीला नुसतं ताजं पाणी, मीठ, साखर. तिचं झाकण लावताना त्यांना तिच्याकडे बघवेना. आसपास कुणी नाही असं पाहून ते हलक्या आवाजात म्हणाले,

थांब थांब गं तू बाई, किती करशील घाई
वाटंवरला निरोप गं, अजून पोचलाच नाही

आणि मग आपण पंचावन्न वर्षांचे आहोत आणि प्लास्टिकच्या ताटलीशी बोलतो आहोत हे ध्यानात येऊन त्यांनी उगाचच खाकरून घेतलं.

संध्याकाळी घराच्या जिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क भेटले. इमारतीत कुणाचं काही अडलं की त्यांना वासाने कळायचं.

“विनंती अर्ज केलात?” हेडक्लार्कांनी विचारलं.

“नाही अजून.”

“करूच नका. विनंती फायलीत झोपते. तक्रार करा. तक्रारीला जावक क्रमांक पडतो.”

समोरच्या वहिनी दार किलकिलं करून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो भावोजी, एवढं काय त्या औषधाचं? ग्लुकोज द्या. आमच्या ह्यांना तीन दिवस ग्लुकोजवरच ठेवलं होतं.”

“त्या पेशी आहेत, वहिनी.”

“मग काय झालं? आमचे हे पेशींचेच बनलेत.”

काकांनी आपलं दार गाठलं. घरात शिरल्यावर काकू म्हणाली, “चेहरा का असा?” काकांनी सांगितलं. काकू म्हणाली, “उद्या जाताना बर्फ न्या. पार्सल मिळालं आणि येता येता नासलं असं नको.” सबंध इमारतीत मिळालेला हा एकच कामाचा सल्ला, असं काकांना त्या वेळी तरी वाटलं.

गुरुवारी थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन काका बसमध्ये बसले. उकाडा होता, बस थांब्याथांब्याला रेंगाळत होती, आणि डब्याच्या एका कोपऱ्यातून पाण्याची धार आपला मार्ग शोधत शेजारच्या गृहस्थाच्या पँटकडे निघाली होती. गृहस्थाने आधी डब्याकडे पाहिलं, मग काकांकडे, मग उठून तो मागच्या सीटवर गेला. काकांनी ते मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे लावून घेतलं, पण पुढे दिवसभर जे घडलं त्यापुढे ते राहिलं नाही.

चार नंबरच्या खिडकीवर एकमेकींना जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, टोकन होतं, खिडकीत खेकसणारा माणूस होता, आरडाओरडा होता. नऊ नंबर मात्र लांब व्हरांड्याच्या टोकाला. तिथे शांत होतं. टेबलावर कागदी रुमालांचा खोका, एक कापडी फूल, आणि वर पाटी : ‘मानवी अवशेष’.

“बसा काका,” खिडकीतली ताई इतक्या मऊ आवाजात म्हणाली की काका घाबरून बसलेच. “पाणी देऊ?”

“नको. माझं एक पार्सल...”

“हो. आलंय. व्यवस्थित आलंय.” ती जरा थांबली. “जवळचे होते?”

“कोण?”

“असू दे. सांगवत नसेल तर घाई नाही.”

“ताई, ते प्रोटीन आहे.”

“हो,” ताई मान हलवून म्हणाली. “शेवटी आपण सगळे तेच.”

काकांनी खोल श्वास घेतला. ताईने समोरचा कागद वाचला आणि तिचा आवाज आणखी खाली गेला. “पुन्हा जोडलेले... म्हणजे अपघात होता का?”

“अपघात कसला! तुकडा जोडलाय. जनुकाचा!”

“जनूकाकांचा?” ताईने पेन उचललं. “जनूकाका तुमचे कोण?”

“जनूकाका कोणी नाहीत! जनुक, जनुक! पेशीच्या आत असतं ते!”

“मग त्यांचं नाव घालता येणार नाही,” ताई खेदाने म्हणाली. “रक्ताचं नातं लागतं. आणि इथे लिहिलंय, वाहकाविना. एवढ्या लांबून... बरोबर कुणीच नव्हतं?” तिने एक कागदी रुमाल ओढला. काकांना वाटलं तो आपल्यासाठी आहे. तो तिने स्वतःच वापरला.

शेवटी काकांनी हात जोडले, पार्सल उघडून तर बघा म्हणाले. ताईने खोका उघडला. खोक्यात खोका, त्यात पिशवी, पिशवीत कुपी. तिने कुपी उजेडात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली.

“काका, यात तर काहीच नाही.”

“आहे. दिसत नाही इतकंच.”

ताईने कुपी हळूच खाली ठेवली. “खरंय,” ती म्हणाली. “माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मलाही अगदी असंच वाटायचं.”

आता या बाईशी भांडायचं तरी कसं? चार नंबरच्या माणसासारखी ती खेकसली असती तर काका टेबलावर हात आपटणार होते. तशी तयारी ते बसमधूनच करून आले होते. पण मायेच्या माणसापुढे हात आपटायला जागा सापडत नाही. नियम सरळ होता. माल नऊ नंबरला लागला, तो नऊ नंबरच्याच रीतीने सुटणार. मृत्यूचा दाखला आणा आणि घेऊन जा.

“मृत्यूचा दाखला कुणाचा आणू, ताई? जिवाणूचा?”

“मयताचा. आणि मयताचं नाव मात्र आत्ताच लागेल, काका. इथे लाल फुली आहे. नाव घातल्याशिवाय कॉम्प्युटर पुढेच जात नाही. आणि आज नोंद झाली नाही तर पार्सल उद्या परत जातं.” ती विचारात पडली. “तात्पुरतं तुमचं घालू का? नंतर बदलता येतं.”

बर्फाचं पाणी काकांच्या बुटात उतरलं होतं. तिसरी प्लेट डोळ्यांपुढे होती. “घाला,” ते म्हणाले.

वजनाच्या रकान्यात किलोशिवाय काही बसत नव्हतं, म्हणून वजन शून्य लागलं.

एवढं झाल्यावर कॉम्प्युटरने त्याला शिकवलेलं काम केलं. फॉर्मवरचा नंबर बघून काकांच्या घरी फोन लावला. तो आवाज रेकॉर्ड केलेला असतो, त्याला उलट प्रश्न विचारायची सोय नसते. काकूने फोन उचलला तर तो म्हणाला, “नमस्कार. आपल्या यजमानांचे मानवी अवशेष नऊ नंबरच्या खिडकीवर आले आहेत. येताना दाखला आणावा. आपला दिवस चांगला जावो.”

काकूने काकांचा मोबाइल लावला. तो वाजला; पण प्रयोगशाळेच्या खणात, जिथे काका तो सकाळी विसरून आले होते.

काका परत आले तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. त्यांना वाटलं, तिसरी प्लेट गेल्याचं सगळ्यांना कळलं की काय! दार उघडंच होतं. आत हेडक्लार्कांचा आवाज ऐकू येत होता.

“...थेंबे माणूस तसा बरा होता. थोडा चेंगट, पण बरा.”

“कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही,” समोरच्या वहिनी डोळे टिपत म्हणाल्या. “आहेत की नाहीत, कळायचंसुद्धा नाही.”

“मी त्यांना सांगत होतो, विनंती करू नका म्हणून. ऐकलं नाही.”

काका उंबऱ्यावर उभे होते. हातात थर्माकोलचा डबा, डब्यातून टपटप पाणी. आपल्यामागे लोक काय बोलतील हे ऐकायची हौस प्रत्येकाला असते. काकांची ती तिथल्या तिथे फिटली. तीस वर्षांची नोकरी, एकही लेट मार्क नाही, आणि हाती काय, तर ‘तसा बरा’. त्यातला ‘तसा’ त्यांना फार लागला.

आधी वहिनींनी पाहिलं. त्यांचा पदर डोळ्यांपाशीच राहिला. मग एकेक मान वळली. हेडक्लार्क मात्र मुरलेले, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “थेंबे, फार उशीर केलात.”

काकू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते. ती काकांकडे बघत राहिली, डोक्यापासून भिजलेल्या बुटांपर्यंत.

“अहो,” ती म्हणाली, “पाणी गळतंय.”

आणि उठून स्वयंपाकघरात गेली. आतला नळ पुष्कळ वेळ चालू राहिला. भांडं घासल्याचा आवाज मात्र एकही आला नाही.

लोक सांत्वनाला आले होते, ते आता सल्ल्याला बसले. एक जण म्हणाला, कोर्टात जा. एक म्हणाला, वर्तमानपत्रात छापा. वहिनींनी ग्लुकोजचं पुन्हा एकदा काढलं. हेडक्लार्कांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“मृत्यूचा दाखला तुमच्याकडे नाही. बरोबर?”

“नाही,” काका म्हणाले. त्यांना त्यात थोडी आपलीच हयगय झाल्यासारखं वाटलं.

“मग हयातीचा दाखला देऊ. मी दर वर्षी पेन्शनसाठी देतो. कोरे फॉर्म आहेत घरात. मयत हयात आहे हे सिद्ध झालं, की तो आपला माल आपण घेऊन जाऊ शकतो. नियमात कुठेही मनाई नाही.”

पुढे प्लेटांचं काय होईल ते होवो, पण उद्या आपण जिवंत आहोत एवढं तरी कागदावर येईल, या विचाराने काकांना बऱ्यापैकी झोप लागली.

शुक्रवारी दोघं नऊ नंबरला हजर झाले. काका, हेडक्लार्क आणि बर्फ. दाखल्यावर हेडक्लार्कांची साक्षीदार म्हणून सही होती : ‘वर नमूद इसमास मी आज प्रत्यक्ष पाहिले असून तो हयात आहे.’ ताईने दाखला वाचला, काकांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की काकांना जिवंत असल्याबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी शाबासकी दिल्यासारखं वाटलं.

“काका! म्हणजे तुम्ही आहात!”

“आहे, ताई.”

“मग मयताशी नातं काय लिहू?”

काकांनी हेडक्लार्कांकडे पाहिलं. हेडक्लार्कांनी डोळे मिटले, जुन्या फायली मनातल्या मनात चाळल्या आणि म्हणाले, “स्वतः.”

अशा रीतीने थेंबेकाकांना पावती मिळाली. ‘पुन्हा जोडलेला मानव, एक नग, वाहकाविना, वजन शून्य. मयताशी नाते : स्वतः. माल सुस्थितीत मिळाला.’ खाली सही. काकांनी ती आपल्या सुंदर अक्षरात केली. ताई खिडकीतून वाकून म्हणाली, “सांभाळून न्या हं.”

परतीच्या बसमध्ये हेडक्लार्कांनी कुपीबरोबरचं माहितीपत्रक उघडून मोठ्याने वाचलं. “‘सुकवलेल्या स्थितीत हे प्रोटीन काही आठवडे साध्या तापमानाला टिकते. पाठवताना बर्फाची आवश्यकता नाही.’ थेंबे, मग हा डबा कशाला?”

काकांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. त्यांनी पाय जरा बाजूला घेतले, धार जाऊ दिली.

दुपारी त्यांनी प्रयोगशाळेत कुपी उघडली, मोजून पाणी घातलं, न दिसणारा माल न दिसणारा होऊन विरघळला आणि तिन्ही प्लेटांना पूर्ण निरोप गेला. बघायची हिंमत मात्र झाली नाही. ते घरी आले.

शनिवारी सकाळी ते निघाले तेव्हा काकूही चप्पल घालून उभी होती.

“तू कुठे?”

“येते मी. मला बघायचंय.”

“काय बघायचंय?”

“दीड तास मी त्या भिंतीला टेकून बसले होते,” काकू म्हणाली. “कशापायी, ते बघायचंय.”

तीस वर्षांत ती प्रयोगशाळेत पहिल्यांदा आली. काकांनी तिला पांढरा कोट दिला. तो तिच्या घोट्यापर्यंत आला. त्यांनी पहिली प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, श्वास रोखून पाहिलं. गोल गोल पेशी, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या टपोऱ्या. दुसरी प्लेट. थोड्या कमी, पण गोल. काकांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की काच धूसर झाली.

मग तिसरी. काकांनी पाहिलं. मग मागे सरून खुर्चीत बसले.

“मेल्या?” काकूने विचारलं.

“नाही. मोठ्या झाल्या.”

“मग चांगलंच की!”

“चांगलं कुठलं? आता त्या परत लहान व्हायच्या नाहीत. तीनपैकी एक गेली. मॅडमना सांगायला लागेल.” काकांनी चष्मा काढून डोळे चोळले. “दोन वाचल्या, काम चालेल. पण ही माझ्या हातून गेली.”

काकूने एक डोळा मिटला आणि दुसरा सूक्ष्मदर्शकाला लावला. तिला आधी नुसता उजेड दिसला. काकांनी तिच्या खांद्यावरून हात घालून चाक जरासं फिरवलं, आणि मग तिला त्या दिसल्या. गोलपणा सोडून त्यांनी हात बाहेर काढले होते. बारीक, धाग्यासारखे हात. ज्या जवळ होत्या त्यांनी एकमेकींना धरलं होतं, ज्या लांब होत्या त्यांचे धागे अर्ध्या वाटेवर होते.

“ह्यांच्यासाठी मेलात होय तुम्ही?” ती म्हणाली. डोळा मात्र तिने काढला नाही.

काकांनी चष्मा पुन्हा चढवला.

“हिचं काय करायचं आता?”

“टाकायची. नियम आहे. मोठी झालेली कामाची नाही.”

“आणि नाही टाकली तर? खायला काय लागतं हिला?”

“काही नाही. दर दोन दिवसांनी ताजं पाणी, मीठ, साखर. बाकी काही घालायचं नाही.”

“निरोपसुद्धा नाही?”

“आता कशाला निरोप? आता त्यांचं त्यांना कळतं.”

काकू बराच वेळ बघत राहिली. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली सरकवत गेलं. इनक्युबेटर घरघरत होता.

“बरं आहे बाई ह्यांचं,” ती म्हणाली. “कुणी येऊन काही सांगत नाही.”

काकांनी तिसरी प्लेट तिच्या हातात दिली, झाकण कसं धरायचं ते दाखवलं, आणि इनक्युबेटरचं दार उघडून धरलं.